जुनी फ्लॉपी उघडेना? आधी अडलंय कुठे ते बघा

नव्या संगणकाला जुनी फ्लॉपी दाखवली की तो थोडा वेळ घरघरतो आणि विचारतो, ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही. आता फॉरमॅट करायची का?’ याला उत्तर एकच: ‘नाही’. मोडी न येणाऱ्याच्या हाती पेशवे दफ्तरातला कागद द्यावा आणि त्याने म्हणावं, ‘यावर नुसत्या रेघोट्या आहेत, पुसून कोरा करून देऊ का?’ तसलाच हा प्रश्न. संगणकाला वाचता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकू बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. ‘अरे, तू पूर्वी डीटीपी करायचास ना? यातलं काही निघतंय का बघ. यांचं पुस्तक आहे त्यात.’ डब्यात एकतीस फ्लॉप्या होत्या. तेवीस साडेतीन इंची, आठ सव्वापाच इंची. काका गेल्यावर पुस्तक छापायचं राहिलं ते राहिलंच. नव्वदच्या दशकात मी पुण्यात डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवायच्या, धंद्यात होतो, त्यामुळे असले डबे माझ्याकडे अधूनमधून येतात.

‘फ्लॉपी उघडत नाही’ म्हणजे डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ म्हणण्यासारखं आहे. अडण्याच्या जागा निदान पाच आहेत. फ्लॉपीच्या चकतीवरचा चुंबकीय लेपच खराब झालेला असतो. किंवा लेप ठीक असतो, पण ड्राइव्हचं डोकं (वाचणारा-लिहिणारा भाग) चकतीवरच्या गोल रेघांवर, म्हणजे ट्रॅकवर, बसत नाही. ते बसलं तरी फाइलींची मांडणी, म्हणजे फाइल सिस्टिम, नव्या संगणकाला अनोळखी असते. तीही ओळखीची निघाली तर फाइल ज्या सॉफ्टवेअरमध्ये केली ते आता कुणाकडे नसतं. आणि मराठी मजकूर असेल तर शेवटी फॉन्टचा घोळ उरतोच. खालून वर, एकेक मजला तपासत जायचं. वरच्या मजल्यावरचा इलाज खालच्या दुखण्याला लावला की असलेलं पण जातं.

डबा टेबलावर ओता, यंत्र अजून सुरू करू नका

साडेतीन इंची फ्लॉपीची धातूची सरकपट्टी खाली धरा आणि वरचे दोन कोपरे बघा. दोन्हीकडे चौकोनी भोक असेल तर ती हाय डेन्सिटी, १.४४ एमबीची. एकाच बाजूला असेल तर डबल डेन्सिटी: पीसीवर भरलेली असेल तर ७२० केबीची, मॅकवर भरलेली असेल तर ४०० किंवा ८०० केबीची. १.४४ हा आकडा तसा गमतीचाच आहे. प्रत्यक्षात त्या फ्लॉपीवर १४,७४,५६० बाइट मावतात, म्हणजे १४४० केबी. एक केबी १०२४ बाइटचा धरला आणि एक एमबी मात्र १००० केबीचा, तेव्हा कुठे १.४४ येतात. हा बाइटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सव्वापाच इंचीवर लेबल वाचा. ‘४८ टीपीआय’ (टीपीआय म्हणजे एका इंचात किती ट्रॅक) किंवा ‘डबल डेन्सिटी’ असेल तर ३६० केबी, ‘९६ टीपीआय’ किंवा ‘हाय डेन्सिटी’ असेल तर १.२ एमबी. लेबल निघून गेलं असेल तर मधलं मोठं भोक बघा. ३६० केबीवाल्यांच्या भोकाला बऱ्याचदा मजबुतीची कडी चिकटवलेली असते, १.२ एमबीवाल्यांना सहसा नसते. पक्का नियम नाही, पण चाळणी म्हणून चालतो.

आता राइट प्रोटेक्ट, आणि इथे दोन्ही आकारांची रीत उलटी आहे. साडेतीन इंचीला खिडकी उघडी असेल तर फ्लॉपीवर लिहिता येत नाही. सव्वापाच इंचीला कडेची खाच झाकली तर लिहिता येत नाही. घाईत हटकून चूक होते. खाच झाकायला पारदर्शक टेप वापरू नका. काही ड्राइव्हमध्ये खाच उजेडाने तपासली जाते, पारदर्शक टेपमधून उजेड सरळ पार जातो. काळी चिकटपट्टी लावा. एकतीसच्या एकतीस फ्लॉप्या आधी अशा बंद करून घ्यायच्या, मगच पुढचं काम.

शेवटची तपासणी डोळ्यांची. सरकपट्टी बोटाने बाजूला करा, मधली चकती पाठीमागून हळू फिरवा आणि दिव्याखाली तिरपं बघा. पांढरे ठिपके किंवा गोल डाग दिसले तर बुरशी. मुंबई-कोकणातल्या दमट कपाटांतून आलेल्या डब्यांत ती असतेच असते. बुरशीची फ्लॉपी तशीच घातली तर डोकं घाण होतं आणि तेच डोकं पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडतं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारा बोळा घ्या, हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या. पुसताना तपकिरी रंग बोळ्यावर उतरू लागला तर लगेच थांबा, कारण तो मळ नव्हे, लेपच आहे. चकतीवर वर्तुळाकार ओरखडे आधीपासून असतील तर ती फ्लॉपी शेवटच्या ढिगात टाका.

ड्राइव्ह: नवा म्हणून चांगला, हा गैरसमज

मी स्वतः इथेच तोंडावर आपटलोय. तेव्हा आमच्याकडे ३८६ पीसी होता, त्याला १.२ एमबीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह. एका गिऱ्हाइकाकडे त्याहून जुना एक्सटी पीसी, ३६० केबीच्या ड्राइव्हचा. त्याने दिलेल्या फ्लॉपीवरच्या फाइलीत मी दुरुस्त्या केल्या आणि त्याच फ्लॉपीवर सेव्ह करून दिली. आमच्याकडे फाइल झकास उघडायची, त्याच्याकडे ‘ॲबॉर्ट, रीट्राय, फेल’. सायकलवरून तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या खेपेला मी त्याच्या यंत्रात दोष काढला, त्याने माझ्यात. दोष दोघांतही नव्हता.

३६० केबीच्या फ्लॉपीवर एका बाजूला ४० ट्रॅक असतात, प्रत्येकात ५१२ बाइटचे ९ सेक्टर, म्हणजे तुकडे. दोन बाजू धरून गुणाकार करा, ३६० केबी येतात. १९८४मध्ये आयबीएमच्या पीसी-एटीबरोबर १.२ एमबीचा ड्राइव्ह आला, त्यात तेवढ्याच जागेत ८० ट्रॅक. म्हणजे डोकं जवळपास निम्म्या रुंदीचं. असा ड्राइव्ह जुनी फ्लॉपी वाचतो उत्तम, कारण रुंद पट्ट्याच्या मध्यावरून बारीक डोकं फिरवायला काहीच अडचण नसते. पण लिहितो तेव्हा रुंद जुन्या पट्ट्याच्या मधोमध एक बारीक नवी रेघ पडते आणि दोन्ही कडांना जुनं लिखाण तसंच राहतं. जाड बोरूने लिहिलेल्या अक्षरांवर बारीक टाकाने दुसरं अक्षर गिरवावं तसं. बारीक डोक्याला फक्त नवी रेघ दिसते. एक्सटीच्या रुंद डोक्याला नवं आणि जुनं एकदमच ऐकू येतं आणि त्याचा गोंधळ उडतो.

यातून निघणारी कामाची गोष्ट अशी: ३६० केबीची फ्लॉपी वाचायला १.२ एमबीचा ड्राइव्ह चालतो, लिहायला नाही. पण काकांची एखादी फ्लॉपी दोन वेगवेगळ्या यंत्रांवर लिहिलेली निघाली आणि १.२च्या ड्राइव्हवर काही फाइली येतात, काही येत नाहीत असं झालं, तर खऱ्या ३६०च्या ड्राइव्हवरही करून बघा. लेपही वेगळा असतो: ३६० केबीचा साधारण ३०० ओर्स्टेडचा (लेप चुंबकायला किती जोर लागतो त्याचं माप), १.२ एमबीचा ६००चा. म्हणून १.२ एमबीची फ्लॉपी ३६०ची म्हणून फॉरमॅट करून वापरायची युक्तीही धड चालत नसे.

साडेतीन इंचीत दोन्ही प्रकारांना ८० ट्रॅकच असतात, त्यामुळे रुंदीचं भांडण नाही. तिथे घोळ भोकाचा. सुरुवातीच्या ७२० केबीच्या ड्राइव्हना डेन्सिटीचं भोक कळतच नसे. त्यात कुणी १.४४ची फ्लॉपी घालून ७२०ची म्हणून फॉरमॅट केली, तर ती तिथे चाले. तीच फ्लॉपी आजच्या ड्राइव्हमध्ये घातली की तो भोक बघतो, हाय डेन्सिटी समजून वाचायला जातो आणि हात टेकतो. इलाज दोन पैशांचा: ते भोक दोन्ही बाजूंनी काळ्या टेपने झाका आणि परत घाला. ‘मेलेल्या’ म्हणून बाजूला काढलेल्या कित्येक फ्लॉप्या अशा उठून बसल्या आहेत.

आता ड्राइव्ह आणायचा कुठून? साडेतीन इंचीसाठी यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो. तो १.४४ आणि बहुतेक वेळा ७२० वाचतो, त्याखेरीज फारसं काही नाही. सॉफ्टवेअरच्या जुन्या कंपनी-फ्लॉप्यांवर १८ऐवजी २१ सेक्टर कोंबून १.६८ एमबी भरलेले असत, त्यावर यूएसबीवाले बहुतेक ड्राइव्ह फेल होतात.

सव्वापाच इंचीला दोन वाटा. एक, फ्लॉपीचा ३४ पिनी कनेक्टर असलेला जुना पेंटियम शोधा. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ड्राइव्हचा प्रकार ‘१.२ एमबी, ५.२५ इंच’ असा निवडा. केबल बघून घ्या: सव्वापाच इंची ड्राइव्हला चपटा पट्टीचा कनेक्टर लागतो, साडेतीनला पिनांचा, आणि केबलचा पिळलेला भाग ज्या टोकाकडे असतो त्या टोकाचा ड्राइव्ह ‘ए’ होतो. त्या यंत्रावरून फाइली बाहेर काढताना विंडोज ९८ असेल तर पेन ड्राइव्ह आपोआप चालेल असं समजू नका, त्याला उत्पादकाचा ड्रायव्हर लागतो. विंडोज २०००पासून तो त्रास नाही.

दुसरी वाट मला जास्त पसंत आहे: ग्रीसवीझल नावाचं छोटं सर्किट बोर्ड. एका बाजूने यूएसबीला लागतं, दुसऱ्या बाजूला जुना ड्राइव्ह. सव्वापाच इंचीला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा द्यायचा. फ्लॉपीवर फाइल आहे की नाही असल्या भानगडीत ते पडतच नाही. चुंबकीय बदल कुठे कुठे झाले याच्या वेळा जशाच्या तशा नोंदवून घेतं, त्यांचा अर्थ नंतर संगणकावर लावायचा. ३६० केबीची फ्लॉपी ८० ट्रॅकच्या ड्राइव्हवर घेताना डोकं दोन-दोन पावलं टाकेल असं सांगावं लागतं, एवढं विसरू नका. नाहीतर प्रत्येक ट्रॅक दोनदा येतो आणि अर्ध्याच ट्रॅकनंतर वाचन संपतं.

मॅकच्या ४०० आणि ८०० केबीच्या फ्लॉप्यांना तर, जुना मॅक हाती नसेल तर, ग्रीसवीझलसारख्या यंत्राशिवाय गत्यंतर नाही. त्या ड्राइव्हमध्ये चकतीचा वेग आतल्या आणि बाहेरच्या ट्रॅकला वेगवेगळा असे आणि लिखाणाची सांकेतिक पद्धतही पीसीहून निराळी. पीसीचा नेहमीचा कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारं सर्किट) त्यावर जन्मात काही वाचणार नाही. अमिगा संगणकाच्या ८८० केबीच्या फ्लॉप्यांचं तेच.

आधी प्रत, मग वाचन

फ्लॉपीवरून फाइली उघडून बघण्याचा मोह आवरा. आधी संपूर्ण फ्लॉपीची सेक्टर न् सेक्टर प्रत काढायची. तिला इमेज म्हणतात. पुढची सगळी खटपट त्या इमेजच्या प्रतीवर. मूळ फ्लॉपी एकदा, फार तर दोनदा फिरते आणि डब्यात जाते.

विंडोजवर विनइमेजसारखं सॉफ्टवेअर चालेल. फ्लॉपी थोडीही कुरकुरत असेल तर लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू. तो चांगले सेक्टर आधी उचलतो, खराबांवर नंतर फेऱ्या मारतो आणि काय आलं, काय राहिलं याची नोंद एका फाइलीत ठेवतो. त्या नोंदीचा खरा फायदा असा की पहिल्या ड्राइव्हवर १२ सेक्टर राहिले तर तीच नोंद आणि तीच इमेज घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर बसायचं. तो फक्त राहिलेल्या १२ सेक्टरांवर मेहनत घेतो. डोकी थोडी इकडेतिकडे बसलेली असतात, त्यामुळे एकाला न जमलेलं दुसऱ्याला जमतं. काकूंच्या डब्यातल्या चार फ्लॉप्या मी अशा दोन ड्राइव्हवर मिळून पुऱ्या केल्या.

प्रत झाली की आकार तपासा. १.४४ची इमेज बरोबर १४,७४,५६० बाइट, ७२०ची ७,३७,२८०, ३६०ची ३,६८,६४० आणि १.२ एमबीची १२,२८,८००. एक बाइटही कमी-जास्त असेल तर काहीतरी चुकलंय. इमेजला नाव देताना फ्लॉपीवर हाताने लिहिलेलं लेबल जसंच्या तसं द्या आणि लेबलचा फोटो काढून ठेवा. ‘प्रकरण ७ जुनं’ आणि ‘प्रकरण ७ फायनल नवं’ यातलं खरं फायनल कुठलं, हे पुढे त्या अक्षरावरूनच ठरतं.

इमेज उघडली, तरी ‘फॉरमॅट नाही’ म्हणते

डॉस-विंडोजच्या फ्लॉपीची इमेज सेव्हन-झिपमध्ये सरळ उघडते आणि फाइली दिसतात. नाही दिसल्या तर पहिल्या ५१२ बाइटकडे, म्हणजे बूट सेक्टरकडे, संशयाने बघा. फ्लॉपीवर किती ट्रॅक, किती सेक्टर, फाइलींचा तक्ता कुठे, हे तिथे लिहिलेलं असतं. अगदी जुन्या डॉसमध्ये ही नोंद नसेच. शिवाय नव्वदीत आमच्या धंद्यात फ्लॉपीगणिक व्हायरस असायचे, आणि त्यातल्या काहींचं घर नेमकं हेच होतं, ते बूट सेक्टर बदलून टाकत. जुना डॉस इतर खुणांवरून वेळ मारून न्यायचा. नवं विंडोज ही नोंद नसली की लगेच ‘फॉरमॅट करू का’ वर येतं.

उपाय सोपा, पण इमेजच्या प्रतीवर करायचा. त्याच क्षमतेच्या चांगल्या फ्लॉपीची इमेज घ्या, तिचे पहिले ५१२ बाइट हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कॉपी करा आणि आजारी इमेजच्या पहिल्या ५१२ बाइटवर डकवा. बाकी काही हलवायचं नाही. बऱ्याचदा सगळ्या फाइली टपकन समोर येतात. नाही आल्या तर तक्त्याची दुसरी प्रत असते: १.४४च्या फ्लॉपीवर बूट सेक्टरनंतर ९ सेक्टरांचा तक्ता आणि लगेच त्याचीच ९ सेक्टरांची दुसरी प्रत. पहिली खराब झाली असेल तर दुसरी तिच्या जागी आणता येते. तेही फसलं तर फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर इमेजमधून फाइलींचे तुकडे शोधतं, पण तेव्हा फाइलींची नावं गेलेली असतात.

मॅकच्या १.४४च्या फ्लॉपीची इमेज साध्या ड्राइव्हवर निघते, पण आत मांडणी एचएफएसची असते. नव्या मॅकवर ती उघडेल असं वाटतं ना? नाही उघडत. २०१९च्या कॅटालिनापासून मॅकने स्वतःच्याच या जुन्या मांडणीला रामराम ठोकला. विंडोजवर एचएफव्हीएक्स्प्लोरर किंवा लिनक्सवर एचएफएसयुटिल्स वापरा. जुन्या मॅकच्या फाइलीला दोन अंगं असतात, आणि फॉन्टचा जीव दुसऱ्या अंगात असतो. साध्या पेन ड्राइव्हवर कॉपी केलं की ते अंग गळून पडतं आणि हातात शून्य बाइटचा फॉन्ट येतो.

एक फाइल चार फ्लॉप्यांवर पसरलेली असणं हेही नेहमीचंच. ‘.एआरजे’, ‘.ए०१’, ‘.ए०२’ असे शेपटे दिसले तर सगळे भाग एका फोल्डरात आणून डॉसबॉक्समध्ये (नव्या संगणकावर डॉस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मूळ एआरजे प्रोग्रॅमने सोडवा. ‘बॅकअप.००१’ आणि ‘कंट्रोल.००१’ अशी जोडी दिसली तर ती डॉसच्या बॅकअप आज्ञेने केलेली साठवण, ती डॉसच्याच रीस्टोअर आज्ञेने उलगडते. यात मधली एक फ्लॉपी गेली की पुढचं सगळं अडतं, म्हणून अशा संचावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

फ्लॉपी नाही, अख्खी हार्ड डिस्क असेल तर

चाळीस पिनी जुनी आयडीई डिस्क यूएसबी ॲडॉप्टरने लावता येते. मागचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) ‘मास्टर’वर ठेवा, नाहीतर बऱ्याच ॲडॉप्टरना ती दिसतच नाही. ‘डिस्क इनिशियलाइज करा’ असं विंडोज म्हणालं तर रद्द करा. हा त्या फॉरमॅटवाल्या प्रश्नाचाच भाऊ. डिस्क टकटक आवाज करू लागली तर लगेच वीज बंद करा. १९९४च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या छोट्या डिस्क काही ॲडॉप्टरना ओळखता येत नाहीत, त्यांना त्या काळचंच यंत्र लागतं.

डिस्क चालते, पण आत ‘डीआरव्हीस्पेस.०००’ नावाची एक अवाढव्य फाइल आणि बाकी काहीच नाही? मग डॉस ६च्या काळात कुणीतरी जागा वाढवायला डिस्क कॉम्प्रेस करून, म्हणजे मजकूर आकसवून, ठेवली आहे. विंडोज एक्सपी आणि त्यानंतरच्यांना ते उघडत नाही. इमेज घेऊन तिच्यावर विंडोज ९८ आभासी यंत्रात (सॉफ्टवेअरने उभारलेल्या संगणकात) चालवा.

नव्यातलं नव्यातही असं होतं. २ टीबीपेक्षा मोठी बाहेरची डिस्क डबीतून काढून थेट संगणकाला जोडली आणि पार्टिशन गायब, ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. एमबीआर या पार्टिशन नोंदवायच्या जुन्या मांडणीत सेक्टरांची संख्या ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे ५१२ बाइटच्या सेक्टरांनी २ टीबीच मोजता येतात. काही डब्या सेक्टर ४०९६ बाइटचे असल्याचं भासवून ही मर्यादा ओलांडत. डबी काढली की सोंग उतरतं आणि आकडे जुळत नाहीत. डिस्क परत त्याच डबीत घाला, माल तिथेच असतो.

उलट दिशेने: नव्यातून जुन्यात

भोसरीच्या एमआयडीसीत अजून फ्लॉपी मागणारी एखादी सीएनसी मशीन भेटते. तिथे नवी फाइल न्यायची तर आधी मशीनला ७२० लागते की १.४४, हे बघा. ७२० लागत असेल आणि हाती फक्त १.४४च्या फ्लॉप्या असतील तर भोक झाकून ‘फॉरमॅट ए: /एफ:७२०’ असं करता येतं (आज्ञा अर्थात इंग्रजी अक्षरांत), पण लेप निराळा असल्याने आज चाललेली फ्लॉपी महिन्याभराने चालेलच याची खात्री नाही. जपानात सोनीने २०११मध्ये साडेतीन इंची फ्लॉप्या विकणं थांबवलं, तेव्हापासून ‘नवी’ म्हणून मिळणारी फ्लॉपी म्हणजे बहुधा जुना साठाच. कायमचा इलाज म्हणून ड्राइव्ह काढून त्या जागी गोटेक बसवतात. दिसायला फ्लॉपी ड्राइव्ह, पण पुढून पेन ड्राइव्ह लागतो. एका पेन ड्राइव्हवर शंभर फ्लॉप्या, आकड्याने निवडायच्या.

पेन ड्राइव्ह जुन्या एक्सपीला किंवा गाडीतल्या म्युझिक सिस्टिमला दिसत नसेल तर तो बहुधा एक्सफॅट या नव्या मांडणीत फॉरमॅट केलेला आहे. ३२ जीबी किंवा लहान घ्या आणि फॅट३२मध्ये फॉरमॅट करा. फक्त ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल त्यावर बसणार नाही. जुन्या यंत्रात मोठी डिस्क बसवणार असाल तर बायोसला जास्तीत जास्त किती मोठी डिस्क कळते त्याच्या पायऱ्या लक्षात ठेवा: ५०४ एमबी, ८.४ जीबी, १३७ जीबी. यंत्र जितकं जुनं तितकी खालची पायरी.

फाइल आली, मजकूर कुठेय?

काकांच्या फाइली निघाल्या आणि नोटपॅडमध्ये उघडल्यावर चिन्हांचा चिवडा दिसला. काकू म्हणाल्या, ‘गेलं ना सगळं?’ गेलं नव्हतं. त्या काळी मराठी दोन तऱ्हांनी साठवत. डॉसवर सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड असेल तर मजकूर ‘इस्की’ या संकेतात असे. प्रत्येक अक्षराला एक ठरलेला आकडा, आणि युनिकोडची देवनागरी इस्कीवरूनच बेतलेली असल्याने तक्ता लावला की रूपांतर जवळपास सरळ होतं. विंडोजवर मात्र श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा फॉन्टचं राज्य होतं आणि प्रत्येकाचा संकेत स्वतंत्र. तिथे आधी फॉन्टचं नेमकं नाव काढा. पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरच्या फाइलीत ते सापडतं. पेजमेकर ६ किंवा त्यापुढची फाइल इनडिझाइन सीएस६पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडते, त्यानंतरच्या नाही. त्याहून जुनी असेल तर आभासी यंत्रात पेजमेकरच लावा, मजकूर टेक्स्ट म्हणून बाहेर काढा आणि त्या फॉन्टचा कन्व्हर्टर चालवा.

कन्व्हर्टरच्या हातून कुठे निसटतं ते ठरलेलं आहे. फॉन्टच्या संकेतात चिन्हं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने असतात: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे, म्हणजे बरोबर उलट. दोन्ही एकाच अक्षरावर आले की कन्व्हर्टर अडखळतो आणि ‘आर्थिक’चं ‘आथिर्क’, ‘मार्मिक’चं ‘मामिर्क’ होतं. जुन्या मराठी बातम्यांत इंटरनेटवर हे शब्द अजून सापडतात, ते यातूनच आलेले. रूपांतर झालं की ‘िर्’ हा तुकडा शोधा. ‘शिर्डी’, ‘गिर्‍हाईक’, ‘बहिर्गोल’ अशा बरोबर शब्दांतही तो येतो, म्हणून ‘सगळे बदला’ दाबू नका, एकेक करत जा. त्यानंतर ‘ष्ट्र’, ‘र्‍या’, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ नजरेखालून घाला.

काकूंना मी छापील कागद दिले. तांबडं पेन घेऊन त्या चार दिवस बसल्या आणि मला न दिसलेले अकरा ‘आथिर्क’ काढून दिले. काकांचा विषय सहकारी पतसंस्था असल्याने तो शब्द पानोपानी होता. एकतीसपैकी अठ्ठावीस फ्लॉप्या पूर्ण निघाल्या. उरलेल्या तिघींतल्या एकीचं लेबल ‘प्रस्तावना’ आहे. तिचे सतरा सेक्टर अजून राहिलेत आणि मी तिसरा ड्राइव्ह शोधतोय.